बाळाच्या सेटऐवजी आईची शाल: परभणीतल्या एका बाळंतविड्याचं प्रकरण

सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, परभणीत आलेली. तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणजे बारसं डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. नाव ठेवायचा मान आत्याचा. बाळंतविड्यातली एक तरी वस्तू हातानं विणलेली असावी, असं आत्याच्या मनात होतं. सप्टेंबरच्या मध्यावर ती गल्लीतल्या विणणाऱ्या काकूंकडे गेली. काकूंचा हात लोकरीवर वर्षानुवर्षं बसलेला. टोपडं, मोजे, स्वेटर हा तीन नगांचा सेट त्या न बघता विणतात.

आत्याचं म्हणणं वेगळं होतं. "काकू, सेट नको. थोरल्या भावाच्या पोराला केला होता ना, चारदा घातला असंल. दुसऱ्या महिन्यात अंगाला बसेना. बाळंतिणीला स्वतःला काही तरी करा, आणि त्यातच बाळाचंही भागलं पाहिजे."

या वाक्यात पूर्ण प्रकरण आहे. मराठवाड्यात थंडी जेमतेम अडीच महिन्यांची. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चटकतं. बाळाचं अंग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात झपाट्यानं वाढतं. मापाचा स्वेटर थंडी संपायच्या आत आखूड होतो आणि पुढची थंडी येते तेव्हा पोर चालायला लागलेलं असतं. आईचं माप मात्र इतकं झपाट्यानं बदलत नाही, आणि सपाट आयताला तर मापच नसतं. हातविणीच्या कपड्याला 'स्लो फॅशन' म्हणतात ते विणायला वेळ लागतो म्हणून, असा एक समज आहे. खरं तर त्यात कपडा बराच काळ वापरला जाणं धरलेलं आहे. सावकाश विणलेला कपडाही चार वेळा घालून पेटीत गेला, तर त्यात आणि बाजारातल्या सेटमध्ये फरक मजुरीचाच उरतो.

काय विणायचं ठरलं

एक आयत: धुऊन वाळल्यावर ५६ सेंटिमीटर रुंद, १५० सेंटिमीटर लांब. एका लांब काठावर, एका टोकाकडे सहा काजं. त्याच काठावर दुसऱ्या टोकाकडे सहा बटणं. उघडा असला की शाल. मधोमध दुमडून काठ बटणांनी जोडला की डोक्यातून घालायचा पोंचो, ज्याच्या आत बाळाला पाजता येतं आणि पदर सावरायची कटकट राहत नाही. दुमडून बटणं लावलेलाच बाळावर घातला की ७५ बाय ५६ चं दुहेरी पांघरूण. प्रवासात आजीच्या गुडघ्यांवरही चालतो, पण तो हिशेब कुणी धरला नव्हता.

सूत कुठलं

आपल्याकडच्या दुकानात 'लोकर' मागितली की बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक मिळतं. ते स्वस्त, हलकं, न आटणारं, रंगाला पक्कं. रोजच्या स्वेटरला त्याचं काही वाईट नाही. बाळंतिणीच्या खोलीत मात्र शेगडी असते. बाजेखाली निखारे ठेवून शेक, बाळाला ओव्याची-धुपाची धुरी. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि तापलेल्या प्लास्टिकसारखं कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, पण चिकटत नाही. मेंढीची लोकर सहज पेट घेत नाही. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, घोंगडीला योग्य, उघड्या अंगाला टोचणारी. मऊ मेरिनो (त्या जातीच्या मेंढीची लोकर) बाहेरून मागवावी लागते, महाग पडते आणि गरम पाण्यात घासली की आटून नमद्यासारखी होते. बाळंतिणीचे कपडे घरात कोण धुणार हे आधी ठरलेलं नसतं, तेव्हा मेरिनो बाद.

म्हणून सुती. परभणी-जालन्याच्या शिवारातला कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि विणायचं सूत गोळ्यांच्या रूपात बाहेरून परत येतं, हा उलटा प्रवास तेवढा टोचतो.

गोळ्यावरच्या चिठ्ठीचा भरवसा नसेल तर चार बोटं धागा जाळून पाहावा. कागद जळाल्याचा वास आणि बोटांत विरणारी राख असेल तर सुती. केस जळाल्याचा वास आणि चुरा होणारी काळी गाठ असेल तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा त्याची भेसळ.

रंगावर आजींचा शब्द शेवटचा ठरला: "काळं तर नकोच, अन् पांढरंबी नको. हळद-तेलात पांढरं टिकतंय का?" विटकरी ठरला. व्यवहार म्हणून हा निर्णय अचूक होता. मालिशचं तेल, हळद आणि काजळ ज्या घरात रोजचं, तिथं फिका रंग महिनाभर पुरत नाही. विटकरीचा धोका एकच, रंग जायचा. तो नमुन्याच्या (कामाआधी विणून पाहायच्या) तुकड्यावर तपासता येतो: पांढऱ्या चिंधीत गुंडाळून अर्धा तास कोमट पाण्यात. इथं पहिलं पाणी तांबूस आलं, तिसरं स्वच्छ. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं रंग पक्का होतो असं सांगतात, पण आजच्या रंगांवर त्याचा उपयोग होत नाही. जादा रंग धुऊनच जावा लागतो.

पहिला प्रयत्न आणि उसवण

त्या छटेचे दुकानात ५० ग्रॅमचे सहाच गोळे होते. काकूंनी ते घेतले आणि लोकरीच्या सवयीनं ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर ११२ टाके घातले. नमुना विणला, पण धुतला नाही. १० सेंटिमीटरला २० टाके आणि २८ ओळी आल्या आणि काम सुरू झालं. वीण साधी: समोरून सुलट, मागून उलट, दोन्ही कडांना तीन-तीन टाके कायम सुलट.

६० सेंटिमीटर झाले तेव्हा त्यावर चहा सांडला. ही दुर्घटना म्हणजे नशीबच म्हणायचं. टाके सुईवरून दोऱ्यावर घेतले, काम धुतलं आणि नेहमीसारखं दोरीवर वाळत घातलं. वाळल्यावर लांबी ६७ सेंटिमीटर आणि रुंदी ५२. शिवाय दोन्ही कडा आत गुंडाळलेल्या, बोटांनी उलगडलं तरी पुन्हा सुरळी.

तीन चुका एकात एक अडकल्या होत्या. पहिली सुताच्या स्वभावाची. लोकर आणि अ‍ॅक्रिलिकच्या धाग्याला लवचीकपणा असतो, ताणलं की तो परत येतो. सुताला तो नाही. त्यातून ओलं सूत पाण्यानं जड होतं. दोरीवर टांगलं की तो भार प्रत्येक टाक्याला खाली ओढतो, टाका लांबट होतो आणि अरुंदही. पूर्ण शाल अशी झाली असती तर १५० ची १६७ झाली असती, आणि काजं व बटणं समोरासमोर आली नसती.

दुसरी चूक सुईची. ४ मिलिमीटरवर हे सूत सैल पडलं, आणि सैल विणीत टाक्याला सरकायला जागा जास्त मिळते.

तिसरी विणीची. एका बाजूनं सगळे सुलट दिसणारी वीण कडांना नेहमीच गुंडाळते, कारण सुलट आणि उलट बाजूंचा ताण सारखा नसतो. तीन टाक्यांची पट्टी तिला धरून ठेवू शकत नाही. शिवाय शाल दोन्ही बाजूंनी दिसते, मग एकच बाजू देखणी असून काय उपयोग?

साडेबारा तासांचं काम उसवावं लागलं. उसवलेलं सूत वळ्यावळ्यांचं होतं. ते तसंच विणलं तर टाके खोटे मोजले जातात. खुर्चीच्या पाठीवर लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, भिजवून, खाली हलकं वजन लावून वाळवली की सूत सरळ होतं.

दुसरा आराखडा

या वेळी नमुना ३२ टाके आणि ६० ओळींचा, ९ नंबरच्या सुयांवर (३.७५ मिलिमीटर). धुतला, वाळवला, मग वरून चिमटे लावून आणि खाली दोन चमचे अडकवून रात्रभर टांगला. सकाळी लांबी पाच टक्के वाढलेली होती. विणताना १० सेंटिमीटरला २१ टाके, ३० ओळी. म्हणजे १५० सेंटिमीटर हवे असतील तर १४३ वरच थांबायचं, बाकीचं शाल स्वतः घेते.

सूत किती लागेल हेही याच तुकड्यानं सांगितलं. १५ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटरचं वजन १५ ग्रॅम. ५६ गुणिले १४३ म्हणजे सुमारे ८००० चौरस सेंटिमीटर, म्हणून ४०० ग्रॅम. दहा टक्के जादा धरून ४४०, म्हणजे नऊ गोळे. एक हाताशी असावा म्हणून दहा. घरी बारीक तोलणारा काटा नसेल तर किराणा दुकानातल्या वजनावर हे होत नाही. सोनाराकडे पाच मिनिटांचं काम आहे.

चार गोळे नांदेडहून आणले. छटेचा क्रमांक तोच, लॉट (एका वेळी रंगवलेला माल) वेगळा. ट्यूबलाइटखाली फरक दिसेना, अंगणात उन्हात धरल्यावर नवा गोळा थोडा तपकिरीकडे झुकलेला. असे गोळे एकामागून एक विणले तर शालीवर आडवी रेघ उमटते आणि ती कितीही धुतलं तरी जात नाही. उपाय एकच: दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन नव्या. दोन्ही धागे एकाच कडेला बदलतात, म्हणून ती कड बटणांची नसेल अशी ठेवायची आणि धागा वर नेताना ओढायचा नाही, नाहीतर तेवढी कड आखडते. नवे चार गोळे संपल्यावर शेवटचा अर्धा गोळा जुन्याचा लागला. तो टोकाच्या पट्टीत गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

विणीचा हिशेब असा. ११७ टाके. कडांना सहा-सहा टाक्यांची दाण्याची वीण: एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलट दिसेल त्यावर उलट, उलट दिसेल त्यावर सुलट. सुरुवातीच्या १२ ओळी सगळ्याच टाक्यांवर दाण्याची वीण. मग मधल्या १०५ टाक्यांवर चौकडी: तीन सुलट, तीन उलट, असं १७ वेळा, शेवटी तीन सुलट. पुढच्या तीन ओळी टाका जसा दिसेल तसा, सुलटावर सुलट, उलटावर उलट. पाचव्या ओळीपासून अदलाबदल, सुलटावर उलट. अशा चार-चार ओळींच्या १०१ पट्ट्या, आणि शेवटी पुन्हा १२ ओळी दाण्याच्या. एकूण ४२८ ओळी. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, सुलट-उलटाचा ताण जागच्या जागी फिटतो, कड वळत नाही.

काजं ८, ३२, ५६, ८०, १०४ आणि १२८ व्या ओळीत, एकाच कडेच्या सहा टाक्यांत: दोन टाके विणायचे, धागा पुढे घेऊन एक भोक, पुढचे दोन टाके एकत्र, उरलेले दोन विणायचे. भोक लहान वाटतं, तसंच हवं. सुती काज वापरानं पसरतं. १५ मिलिमीटरचं बटण आज जरा जोर लावून जावं, म्हणजे महिन्यानं ते बरोबर बसतं. शेवटचं काज टोकापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर येतं, म्हणून दुमडल्यावर मानेला दोन्ही थरांत मिळून ६० सेंटिमीटरचा घेर राहतो. मोठा अंबाडा असेल तर वरचं एक बटण उघडं ठेवायचं.

बटणं करवंटीची. प्रत्येकाच्या मागे एक चपटं छोटं बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवली, कारण नुसत्या विणीवर शिवलेलं बटण टाका ओढून घेतं आणि सुटतं. सुटलेलं बटण बाळाच्या तोंडात जाणं ही या वस्त्राची खरी जोखीम. म्हणून पांघरूण करताना बटणांची कड पायाकडे ठेवायची आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडाजवळ काहीच सैल राहू द्यायचं नाही, हे आत्यानं भेटीसोबत तोंडी सांगितलं. चौकडी निवडायला आणखी एक कारण होतं. जाळीदार विणीत बाळाची बोटं अडकतात. शालीवर जाळी कितीही सुरेख दिसली तरी इथं नको.

वेळ आणि पैसे

११७ गुणिले ४२८ म्हणजे ५०,०७६ टाके. मिनिटाला २५ टाके या वेगानं साडेतेहतीस तास. नमुना, धुणं, धाग्याची टोकं लपवणं आणि बटणं मिळून आणखी साडेचार. रोज दोन तास धरले तर एकोणीस दिवस. पण ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी, मध्ये दिवाळीचा फराळ. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात आणि सूत त्यात अडकतं. तो आठवडा काम बंदच होतं. आठ आठवड्यांपेक्षा कमी मुदतीत अशी ऑर्डर घेऊ नये.

मजुरीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. परभणीतल्या या गल्लीत गोळ्यामागे चाळीस रुपये चालतात. दहा गोळ्यांचे चारशे, अडतीस तासांवर वाटले तर तासाला साडेदहा. रोजगार हमीची राज्यातली २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये, आठ तासांनी भागली तर ३९. त्या दरानं १४८२ होतात. सूत आणि बटणं १२७०. काकूंना हा आकडा तोंडावर सांगायला संकोच वाटत होता. आत्यानं कागदावर भागाकार पाहिला आणि १५०० मजुरी दिली. उसवलेले साडेबारा तास कुणी मागितले नाहीत आणि मागायचेही नव्हते, न धुतलेल्या नमुन्याची ती किंमत. एकूण २७७०. शेजारच्या दुकानात तीन नगांचा तयार सेट साडेतीनशेला होता, हेही लिहून ठेवलं पाहिजे. गोळ्यामागे दर धरायची पद्धत जाड सुताला आणि सोप्या विणीला बक्षीस देते, बारीक कामाला शिक्षा. टाक्यांवर किंवा तासांवर दर ठरवल्याशिवाय ते बदलत नाही.

उरलेल्या दीड गोळ्यातून बाळाचं टोपडं झालं: ७६ टाके, ५२ ओळी, मधोमध दुमडून पाठीमागे शिवण. बंद लावले नाहीत. आजींना ते अपुरं वाटलं, पण गळ्याशी दोऱ्या नकोत यावर आत्या ठाम राहिली.

वापरात काय दिसलं

बारशाला शाल घडी करून ताटात गेली. दुसऱ्याच दिवसापासून पहाटे बाजेवर पाठीशी, दुपारी बाजूला. पोंचो म्हणून वापर अपेक्षेपेक्षा जास्त झाला, कारण पाहुण्यांची रीघ आणि दर दोन तासांनी पाजणं. चौथ्या आठवड्यात मानेजवळचं काज सैल झालं. तिथंच सगळा ताण येतो. सुईदोऱ्यानं काजाभोवती शिलाईची कड घातल्यावर टिकलं. खरं तर ती कड सहाही काजांना आधीच घालायला हवी होती.

धुण्याचं सांगितलं होतं तरी पहिल्यांदा शाल दोरीवर गेलीच, आणि पाच सेंटिमीटर वाढली. पुढच्या खेपेला ओली असतानाच हातानं रुंदीकडे ओढून सपाट वाळवल्यावर परत आली. पद्धत साधी आहे: पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं, बाजेवर दुसरा पंचा अंथरून सावलीत पसरायचं. थंडीत दीड दिवस लागतो. बोअरचं पाणी जड असेल तर साबण निम्माच घालायचा आणि शेवटचं पाणी भरपूर. जड पाण्यात साबणाचा थर सुतावर बसतो आणि मऊ शाल महिनाभरात तरटासारखी होते.

फेब्रुवारीत ती बाळाचं पांघरूण झाली. मार्चअखेर घडी पडली. चौरस मीटरला अर्धा किलो सूत मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये कुणी अंगावर घेणार नाही आणि त्यात आराखड्याचा दोष नाही. कडुनिंबाचा पाला नीट वाळवून घडीत ठेवला, ओला राहिला तर डाग पडतात. जूनमध्ये पहिल्या पावसाच्या रात्री, लातूरला जाणाऱ्या एसटीत, ती आजींच्या गुडघ्यांवर होती.